साडेचार मिलिमीटर

सकाळी फ्रीजमधून बाटल्या काढते, अ आणि ब.
टोपणं दोन्हींची पांढरी, लेबलं खरवडलेली.
एकीत जुनं औषध, एकीत नवं मिश्रण.
कुठल्या बाटलीत कुठलं, ते नागपुरात एका बंद पाकिटाला ठाऊक.
कागदावर ह्याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात:
डोळे दाखवायला आलेला आंधळा,
डोळे बघणारी मीही.

संमतिपत्रात कुणा शहाण्यानं 'कनीनिका' लिहिलंय.
मी वाचताना बाहुली म्हणते.
"ह्या थेंबानं बाहुली मोठी होते, चार-पाच तास तशीच राहते."
"मोठी होते मंजे लगनाची होते का जी?"
गिरजाबाई कुमरे विचारते, आणि सिंदेवाहीच्या दवाखान्यातला
अख्खा बाक हसतो, अंगठ्याची शाई पदराला पुसत.

थेंब. डोळा मिटा. नाकाजवळचा कोपरा दाबून धरा.
दहा मिनिटं. पुन्हा थेंब.
मग टॉर्च, आणि काळ्या ठिपक्यांचं कार्ड गालाला लावून
मी मोजते: मोहरी, मिरं, वाटाणा,
आणि लिहिते अडीच, साडेचार, आठ.
गिरजाबाईची विसाव्या मिनिटालाच साडेसात.
त्या काळ्या विहिरीच्या तळाशी मी दिसते,
एवढीशी, हातात टॉर्च धरलेली.

बकाराम मांढरेची हलेना.
विसाव्याला साडेतीन. तिसाव्याला चार.
चाळिसाव्याला साडेचार, आणि तिथंच रुसून बसली.
तलावावरचा माणूस, जन्मभर जाळी विणलेला. मला म्हणाला,
"भोक केवढं हाय त्यावर मासा ठरते, पोरी. तुले केवढं पायजे?"
सहा तरी हवं, मी म्हणाले, मोतीबिंदू नीट बाहेर यायला.
"मंग हे बारीकच झालं."
शुगर? नाही.
डोळ्याला कधी मार? नाही.
दुसरी कुठली गोळी चालू?
शेजारी सून बसलेली.
नाही.

मी 'नाही'वर खूण केली.

दुपारी डबा धुवायला नळावर गेले, तर मागून आला.
बंडीच्या खिशातून अर्धी पट्टी काढली, चार कॅप्सूल उरलेल्या,
आणि माझ्याकडं न बघता, आंब्याच्या झाडाला सांगावं तसं म्हणाला,
"रातच्या पाच-पाच खेपा उठा लागते. लघवीची हाय.
दोन सालं झाले."

पट्टी उलटी करून मी नाव वाचलं,
कागद नव्हता, तळहातावरच लिहून घेतलं.
ह्या गोळीनं बुबुळाचा पडदा ढिला पडतो
भिजल्या धोतरासारखा,
ऐन ऑपरेशनमध्ये चिरेतून बाहेर येऊ बघतो.
आधी कळलं तर डॉक्टर बारीक आकडे तयार ठेवतात,
पडदा चार बाजूंनी ताणून धरायला.
"जाळं तानतेत तसं," बकाराम म्हणाला.
तसंच.
"सुनेले नोको सांगजो."

अनुक्रमांक सदतीस: अभ्यासातून वगळला.
त्याचे साडेचार आता कुठल्याच सरासरीत नाहीत.
केसपेपरवर मात्र लाल पेनानं औषधाचं नाव, खाली दोन रेघा.
तळहातावरचं घासूनही संध्याकाळपर्यंत गेलं नाही.

चार वाजता सगळे फाटकाशी. मे महिना.
डांबर पाण्यासारखं हलतंय,
आणि आज उन्हाला सगळी दारं सताड उघडी.
दुपट्टे, पदर, एक रुग्णालयाची फाईल, जे हाती लागलं ते डोळ्यांवर.
बस वळणावर दिसली, पण पाटीकडं कुणाला बघवेना.
"पाहा ना कोनी, नागभीडची हाय का मूलची?"

बकारामनं कपाळाला हात लावला.
चौथी शिकलेला. एक डोळा दुधाळ,
दोन्ही बाहुल्या अजून मिऱ्याएवढ्याच.
रांग त्याच्या मागं सरकली, गिरजाबाई सगळ्यांत पुढं.

"ना..." तो वाचू लागला. "ना... ग..."
"बोल ना बाप्पा!"
"थांबा जी," तो म्हणाला,
"पुढचं अक्षर येऊ द्या."